फेकायची खुर्ची

बाजार-कोर्गोन गावात कारागिराला उस्ता म्हणत, आणि ओरोझबाय उस्ताला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक त्याचं वेल्डिंग आणि दुसरी त्याची चौकशी. त्याच्याकडे फाटक करायला टाकलं की ते होईपर्यंत फाटकाच्या आत कोण कोण राहतं, कुत्रा कुठे बांधतात, सासू दिवसातून कितीदा बाहेर पडते, हे सगळं सांगावं लागायचं. "तुझ्या आधी तुझं नाक लोकांच्या घरात शिरतं," असं त्याची बायको कानिशाय म्हणायची. ओरोझबायचं म्हणणं असं, की माणूस कळल्याशिवाय त्याच्या मापाचं काही करता येत नाही. एकसष्ट वर्षांचा झाला तरी त्याचं हे मत बदललं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी बुरुलचा त्याच्या शेडमध्ये आली. चाकाच्या खुर्चीवरून, एकटी, चिखलातून चाकं रेटत. सत्तावीस वर्षांची, रुंद खांद्यांची मुलगी. गावात तिची हकिकत सगळ्यांना ठाऊक होती. अक्रोडाच्या हंगामात पुरुष झाडावर चढून फांद्या हलवतात आणि बायका खाली वेचतात. आठ वर्षांपूर्वी बुरुलचा स्वतः चढली होती. पडली ती पाठीवर, आणि कमरेखालचं शरीर कायमचं गेलं.

तिने मांडीवरून घडी केलेला कागद काढला. "उस्ता, एक खुर्ची करायची आहे. फेकायची."

ओरोझबायने तिच्या खुर्चीकडे वाकून पाहिलं. "फेकायची कशाला? चांगली आहे की. चाकं तेवढी बदलून देतो."

"खुर्ची नाही हो फेकायची! खुर्चीत बसून गोळा फेकायचा. लोखंडी गोळा, तीन किलोचा. सप्टेंबरमध्ये राजधानीत, बिश्केकला स्पर्धा आहे, आमच्यासारख्यांची."

"आणि या खुर्चीतून फेकता येत नाही?"

"हिला चाकं आहेत. गोळा पुढे गेला की मी मागे जाते."

ओरोझबायला एवढं पुरलं. त्याने हातातली पट्टी खाली ठेवली, स्टूल ओढून तिच्यासमोर बसला आणि कागद उलगडला. त्यावर तिने काढलेलं चित्र होतं आणि खाली नियम लिहिलेले होते. बसायची उंची गादीसकट पंचाहत्तर सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. चौकटीचा कुठलाही भाग हलता कामा नये. मोकळ्या हाताने धरायला एक सरळ दांडा चालेल. मांड्या आणि पाय पट्ट्यांनी बांधायचे. फेकताना बूड उचललं गेलं तर ती फेक बाद.

"बूड उचललं हे कोण बघतं?" ओरोझबायने विचारलं.

"पंच. शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि तेवढंच बघतो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

ओरोझबाय मान हलवत राहिला. जगात असली एक नोकरी आहे, हे त्याला साठी उलटल्यावर कळत होतं.

पहिली चौकट त्याने आठ दिवसांत केली. फाटकं करणारा माणूस, त्यामुळे पाठीला दोन वेलबुट्ट्याही आल्या. बसायच्या पत्र्याखाली त्याने जुन्या जीपच्या स्प्रिंगचा पाटा लपवला होता. पोरीच्या पायात जोर नाही, तर तेवढा जोर पाटा देईल, असा त्याचा हिशेब. शाळेमागच्या माळावर खुर्ची नेली, खुंट्या ठोकून पक्की बांधली. बुरुलचा आपल्या खुर्चीतून हातांच्या जोरावर तिच्यात सरकली, आणि बसल्या बसल्या खालीवर झाली.

"उस्ता, ही उडते."

"उडणारच! मुद्दामच केलंय."

"हलता भाग चालत नाही. कागदावर लिहिलंय."

"पण कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसेल," ती म्हणाली.

पाटा काढला. मग फेकून पाहिलं. चार मीटर नव्वद. गोळा पडला तशी तिची आई झुराकान, जिला ती आपा म्हणायची, धावत गेली आणि उचलून घेऊन आली. पुन्हा फेक, पुन्हा आई धावली. पन्नाशी ओलांडलेली बाई, डोक्याला रुमाल, धापा टाकत. ओरोझबायच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. गोळा जातो तो कशाने जातो? हाताने, हे दिसतच होतं. पण त्याने शाळेत पोरांना गोळा फेकताना पाहिलं होतं. ती पायापासून फिरतात. मग हिचं फिरणं कुठून सुरू होतं?

"पोरी, तुझं नेमकं कुठपर्यंत चालतं?"

"उस्ता!" झुराकान ओरडली. "हे काय विचारणं झालं? बाईमाणसाला?"

"विचारू दे ग आपा. डॉक्टरांनीसुद्धा नीट विचारलं नव्हतं." बुरुलचाने जमिनीवरचा खडू घेतला आणि अंगातल्या शर्टावर बेंबीच्या जरा वर आडवी रेघ ओढली. "वरचं माझं. खालचं पाहुणं. घरात राहतं, खातं-पितं, काम करत नाही."

ओरोझबायला हसू आलं. झुराकानला मात्र आलं नाही.

त्या संध्याकाळी तो एकटाच माळावर परत गेला, स्वतः खुर्चीत बसला, मांड्या-पाय करकचून बांधले आणि गोळा फेकला. चार मीटरसुद्धा धड गेला नाही. पुन्हा फेकला. तिसऱ्यांदा फेकताना त्याच्या लक्षात आलं, की पट्ट्यांच्या आत त्याचे पाय गुपचूप जमीन दाबताहेत. पाय चोरी करत होते, आणि तरीही गोळा चार मीटर. मग त्याने पाय सैल सोडायचा प्रयत्न केला, आणि तेव्हा त्याचा डावा हात आपोआप दांड्याला लटकला. सगळं अंग त्या दांड्याभोवती फिरू पाहत होतं. फाटक बिजागरीभोवती फिरतं तसं. बिजागरी चुकीच्या जागी असेल तर फाटक जमिनीला घासतं, हे त्याला चाळीस वर्षं माहीत होतं.

तो घरी गेला तेव्हा कानिशायने विचारलं, "कुठे होतास म्हाताऱ्या? गुडघे का माखलेत?"

"बिजागरी शोधत होतो."

पुढचा महिना दांड्याची जागा शोधण्यात गेला. बोटभर पुढे, बोटभर बाहेर, थोडा कलता, मग पुन्हा सरळ. प्रत्येक वेळी तोडायचा, जोडायचा, माळावर न्यायचा. बुरुलचा रोज चाळीस फेका करायची. कंटाळली तरी करायची. जूनमध्ये तिचा गोळा साडेपाच मीटरच्या पुढे पडायला लागला.

ओरोझबायचा एक प्रश्न मात्र राहून गेला होता, आणि तो दर दोन-तीन दिवसांनी विचारायचा. "तू हे करतेस कशासाठी?"

एकदा ती म्हणाली, "बिश्केकच्या हॉटेलात लिफ्ट असते म्हणे. वर-खाली करून बघायचंय."

एकदा म्हणाली, "राग येतो म्हणून. बशी फेकली तर आपा ओरडते."

एकदा म्हणाली, "तुम्ही फाटकं कशासाठी करता?"

"पोटासाठी."

"मग वेलबुट्ट्या कशासाठी काढता?"

ओरोझबायने कानस उचलली आणि दांडा घासायला घेतला. तो दोन दिवस त्यावर विचार करत होता.

जुलैच्या सुरुवातीला बुरुलचा माळावर यायची थांबली. तीन दिवस झाले, चार झाले. पाचव्या दिवशी ओरोझबाय तिच्या घरी गेला. झुराकानने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. अंगणात ठेवलेल्या लोखंडी चौकटीकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमच्या खुर्चीचा काटा लागलाय तिला. मांडीच्या मागे. बोटभर खोल जखम. संध्याकाळी कपडे बदलताना मला रक्त दिसलं."

"तिने सांगितलं नाही?"

"तिला दुखलंच नाही, तर सांगेल काय?"

ओरोझबाय चौकटीपाशी खाली बसला. पत्र्याच्या कडेला, खालच्या अंगाला, वेल्डिंगचा एक ठिपका राहून गेला होता. गव्हाच्या दाण्याएवढा, टोकदार. त्याच्याच हातचा. तापलेल्या लोखंडाचे असे ठिपके रोज उडतात आणि फाटकावर कोणी त्यांच्याकडे बघतही नाही. पण फाटकावर कोणी दिवसाला चाळीस वेळा घासून बसत नाही. त्याने तो ठिपका अंगठ्याने दाबला. अंगठ्याला कळ आली तेव्हाच त्याने हात काढला. ही कळच तिच्याकडे नव्हती.

आतून बुरुलचाचा आवाज आला. ती पालथी पडून होती. "उस्ता, खुर्ची नेऊ नका हं. मला फक्त पडून राहायला सांगितलंय."

"किती दिवस?"

"पाच आठवडे. मागच्या वेळी चार महिने होते, त्या मानाने बरं."

ओरोझबायने खुर्ची नेली, पण परत आणायलाच. प्रत्येक जोड त्याने घासला, कानस मारली, पॉलिश पेपर फिरवला, आणि शेवटी डोळे मिटून सगळ्या लोखंडावरून आपला गाल फिरवला. तळहाताला घट्टे होते, म्हणून गाल. कानिशाय दारात उभी राहून हे बघत होती.

ऑगस्टच्या मध्यावर बुरुलचा पुन्हा माळावर आली. गोळा पाच मीटर वीसवर पडला. ती रडली, मग शिव्या दिल्या, मग पुन्हा फेकायला लागली. सप्टेंबर उजाडेपर्यंत ती सहा मीटरला जाऊन टेकली.

बिश्केकला निघायच्या दिवशी पहाटे टॅक्सीच्या टपावर खुर्ची उलटी बांधली. मागे बुरुलचा आणि झुराकान, पुढे ओरोझबाय. तो काय म्हणून चालला होता, हे कोणी विचारलं नाही. वाटेत एका नाक्यावर पोलिसाने गाडी अडवली आणि टपाकडे बघून म्हणाला, "हे काय, खानाचं सिंहासन?"

"हो," बुरुलचा खिडकीतून म्हणाली. "खान मागे बसलाय. सोडा."

पोलीस हसला आणि त्याने सोडलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर पाच बायका होत्या. सगळ्यांच्या चौकटी रांगेत लावल्या होत्या आणि एक पंच टेप घेऊन एकेक मोजत होता. ओरोझबाय प्रत्येक चौकटीभोवती फिरत होता, वाकून जोड बघत होता, एकदा तर खाली आडवाच झाला. त्याला आपली खुर्ची या सगळ्यांत उजवी वाटत होती. पंच तिच्यापाशी आला, टेप लावली आणि म्हणाला, "सत्याहत्तर."

"पंचाहत्तर," ओरोझबाय म्हणाला. "मी स्वतः मोजलीय. लोखंड बहात्तर, गादी तीन."

"गादी पाच आहे," पंचाने टेप दाखवली.

झुराकानचा चेहरा उतरला. जखमेनंतर तिने मेंढीच्या लोकरीच्या नमद्याची नवी गादी शिवली होती, जुनीपेक्षा जाड, सहा थरांची. कोणाला सांगायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. जुनी गादी घरीच राहिली होती.

"गादी काढा," बुरुलचा म्हणाली. "सहा फेका तर आहेत. नुसत्या पत्र्यावर बसते."

"नाही," झुराकान म्हणाली.

"आपा, वीस मिनिटं!"

"त्या दिवशी तरी किती लागली होती? तुला कळत नाही तेवढ्यात काय होतं ते. मला कळतं. मी धुते."

"मग दोन थर उसवून काढ."

"एकही थर काढणार नाही. नाही फेकलास तरी चालेल मला." झुराकानने गादी छातीशी धरली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तर तो जास्त लागला. बुरुलचाने मान फिरवली.

ओरोझबायने पंचाला विचारलं, "हिचा नंबर किती वेळाने?"

"शेवटचा लावतो. एक तास."

"करवत आहे का कुठे? लोखंड कापायची?"

पंचाने खांदे उडवले. तेवढ्यात रांगेतली एक बाई बोलली. नारीन गावची होती, कुमुशाय नावाची, पंचेचाळिशीची, दोन्ही पाय गुडघ्यावरून कापलेले. "आमच्या गाडीत आहे. माझा नवरा करवतीशिवाय घराबाहेर पडत नाही." मग ती बुरुलचाकडे वळली. "रडू नकोस ग. आम्ही पाचजणीच आहोत. तू गेलीस की चार. चौघींत जिंकून मी गावात काय सांगू?"

"तुम्हीच जिंकणार हे कोणी ठरवलं?" बुरुलचाने नाक पुसत विचारलं.

"सहा वर्षं मीच जिंकतेय बाई."

ओरोझबायने खुर्ची आडवी पाडली, चारही पायांवर दोन-दोन सेंटिमीटरला खूण केली आणि करवत चालवायला घेतली. पहिला पाय दहा मिनिटांत कापला. दुसऱ्यावर पातं तुटलं. कुमुशायच्या नवऱ्याने न बोलता दुसरं पातं दिलं आणि स्वतः पाइप धरून बसला. चारही कापून खुर्ची उभी केली, तर ती डुगडुगली. एक पाय केसभर आखूड झाला होता. उरलेल्या तिघांना कानस मारली, उभी केली, पुन्हा मारली. ओरोझबायचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी त्याने कापलेल्या कडा गोल केल्या आणि सवयीने त्यावरून गाल फिरवला. कुमुशायचा नवरा त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला.

पंचाने टेप लावली. "पंचाहत्तर."

बुरुलचाची पाळी आली. खुर्ची साखळ्यांनी जमिनीला आवळली, पट्टे बांधले. सहा फेका, एकामागोमाग एक. बाजूच्या खुर्चीत दुसरा पंच बसला आणि त्याची नजर खरंच बुरुलचाच्या बुडाखालच्या गादीवरून हलली नाही.

पहिली फेक चांगली गेली, पण लाल झेंडा वर झाला. बूड उचललं होतं. बुरुलचाने पंचाकडे पाहिलं आणि पुढचा गोळा उचलला. दुसरी पाच पंच्याण्णव. तिसरी पुन्हा लाल. चौथी सहा मीटर आठ. प्रत्येक फेकीनंतर निळ्या जाकिटातला एक माणूस चालत जायचा, गोळा पडला तिथे खिळा रोवायचा, टेप ओढायची, आकडा सांगायचा. पाचवीला तिने डावा हात दांड्यावर एकदा सोडून पुन्हा पकडला, डोळे मिटले, आणि ओरोझबायला तिचं अंग त्या दांड्याभोवती फिरताना स्पष्ट दिसलं. कुठेही न घासता. सहा मीटर एकतीस. सहावी त्याच्या आतच पडली.

कुमुशायने सात मीटर अठ्ठावन्न फेकला होता. बुरुलचा तिसरी आली. पुढच्या, परदेशातल्या स्पर्धेला फक्त पहिली जाणार होती.

ओरोझबायला वाटलं होतं, पोर आता कोसळेल. ती गवताच्या कडेला आपल्या चाकाच्या खुर्चीत बसून पाणी पीत होती. तो शेजारी उकिडवा बसला.

"उस्ता, त्याला बघितलंत?" ती म्हणाली.

"कोणाला?"

"निळ्या जाकिटवाल्याला. कसा सावकाश चालत गेला ते?" तिने बाटलीचं झाकण लावलं. "आठ वर्षं माझ्या हातून चमचा पडला तरी चारजण धावतात. राहू दे, राहू दे, आम्ही देतो. आणि मग माझ्याकडे असं बघतात. हा माणूस धावला नाही. गेला, वाकला, मोजलं, आकडा सांगितला. माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. किती बरं वाटलं मला."

एप्रिलपासून विचारत असलेल्या प्रश्नाचं हे उत्तर होतं की त्याचा एखादा तुकडा, ते ओरोझबायला कळेना.

"म्हणजे यासाठी करतेस?"

"आजपुरतं तरी," ती म्हणाली. "उद्याचं उद्या. तिसरी आल्याचा रागही आलाय मला, तो वेगळाच. सात अठ्ठावन्न! काय खाते ती बाई?"

जाण्याआधी कुमुशायने ओरोझबायला बोलावून घेतलं आणि त्याने केलेल्या खुर्चीत बसून पाहिलं. दांडा दोनदा ओढला, तिसऱ्यांदा ओढून तसाच धरून ठेवला. "हा इथे का लावलात?" तिने विचारलं. त्याने फाटकाच्या बिजागरीपासून सांगायला सुरुवात केली. तिच्या नवऱ्याने वहीत टिपून घेतलं. "आमच्याकडे या एकदा," तो म्हणाला. दिवसभरात तो तेवढंच बोलला.

परतीच्या वाटेवर दुपारी टोक्तोगुलच्या जलाशयाकाठी टॅक्सी थांबली. तिथे तळलेले मासे मिळतात आणि तिथे न थांबता कोणी पुढे जात नाही. काठावरची सपाट जागा बघून बुरुलचाची खुर्ची उतरवली. झुराकान तिच्यासाठी माशाचे काटे काढत होती, आणि बुरुलचा तिच्या हातातून ताट काढून घेत होती. दोघी आदल्या सकाळपासून एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या.

"आपा," बुरुलचा अचानक म्हणाली, "गादी बरी होती ग. सकाळी तू अंग पाहिलंस ना? कुठे काही नाही?"

"काही नाही. लालसुद्धा झालं नाही."

"मग तशीच आणखी एक शिव. पण आधी उस्तांना माप दे."

झुराकानने मान डोलावली आणि माशाचा एक मोठा तुकडा, काट्यांसकट, तिच्या ताटात टाकला.

खाणं झाल्यावर बुरुलचाने हात पुसले. "उस्ता, टेप आहे?"

टेप ओरोझबायच्या खिशात असायचीच.

"टोक माझ्या चाकापाशी धरा. आपा, तू धर. उस्ता, तुम्ही सहा एकतीसवर जाऊन उभे राहा."

तो टेप ओढत गेला आणि उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं. माळावर आणि मैदानावर तिने हजारदा गोळा फेकला होता, पण आपलं अंतर असं थांबून, टोकाशी माणूस उभा करून कधी पाहिलं नव्हतं.

"आता सात अठ्ठावन्नवर."

ओरोझबाय मागे सरकला. दोन पावलं, जेमतेम.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच."

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. कोणी लक्ष दिलं नाही.

"आणखी मागे जा," बुरुलचा म्हणाली. तो गेला. "आणखी." त्याच्या बुटांना पाणी लागलं.

"पुढे तळं आहे पोरी!"

"मग तिथेच थांबा जरा," ती म्हणाली आणि डोळ्यांवर हात धरून नीट पाहू लागली. "बघू दे मला."